असं बघू नकोस माझ्याकडे

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या बेळगावातल्या पोरांकडे गाण्यांचा साठा ठरलेला असतो. मराठी घरचं कार्य असलं की मराठी, कानडी घरचं असलं की कानडी, आणि पाहुणे दोन्हीकडचे असले की हिंदी, कारण हिंदीवर इथे कुणाचाच राग नसतो. तरी मध्ये आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या प्री-वेडिंगला चक्क कानडी गाणं होतं. घर अस्सल मराठी, मुलगा खानापूरचा, तोही मराठी. जांबोटीच्या रस्त्याला झाडीत दोघं उभी. ती चार पावलं पुढे जाते, ओढणी सावरत मागे वळते, टक लावून बघते, आणि बासरी वाजते न वाजते तोच गाणारा सुरू होतो, 'नी हिंग नोडब्याड नन्न...'

असं बघू नकोस माझ्याकडे. तू अशी बघितलीस तर मी उलटून तुझ्याकडे कसं बघू?

आता इतक्या ओळी कानावर पडल्यावर कुणाला काय वाटणार! लाजरा नवरदेव, धीट नवरी. घरातल्या बायकांनी खुसखुस केली, एका आत्याबाईंनी 'बघूलीय बघ कशी' म्हणून नवरीला कोपर मारलं. गाणं नवं नाही. उत्तर कर्नाटकात ते माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल. कॉलेजच्या गॅदरिंगला ते म्हटलं जातं, ऑर्केस्ट्रात फर्माईश होते, आणि ज्याला उद्देशून म्हणायचंय तो किंवा ती श्रोत्यांत कुठे बसलीय हे गाणाऱ्याच्या मानेवरून सगळ्या सभागृहाला कळतं. शिवाय त्यातलं कानडी पुस्तकी नाही. बंगळूरकडचं तर नाहीच. धारवाडकडचं आहे, म्हणजे आमच्या रविवार पेठेत पोत्यांच्या राशीआडून जे ऐकू येतं त्याचंच सख्खं भावंड. 'हिंग', 'ह्यांग', 'ब्याड', म्हणजे असं, कसं, नको, हे इथल्या मराठी माणसालाही न शिकता समजतं. गाणं आपलं वाटायला तेवढं पुरतं.

त्या व्हिडिओच्या वेळी माझ्याशेजारी आमच्या गल्लीतल्या एक काकू बसल्या होत्या. माहेर धारवाडचं, सासर शहापूरचं, घरात दोन्ही भाषा एकाच ताटात. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाल्या, "अगं, हे मूल गेल्याचं गाणं हाय की गं. लग्नात कशाला लावलेत?"

आणि हे खरं आहे. कर्नाटकात शिकल्यासवरल्या माणसांना ते ठाऊकही आहे, कन्नडच्या वर्गात शिक्षक सांगतात. गाणं दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचं. धारवाडचे 'बेंद्रे अज्ज', कन्नडचे वरकवी, 1973 चे ज्ञानपीठ मानकरी. 1938 साली 'नादलीले' नावाचा त्यांचा संग्रह निघाला, त्यातली ही कविता. पोटचं मूल गेलं त्या वेळची. त्यांची एक-दोन नाही, बरीच मुलं लहानपणीच गेली. कविता नवऱ्याने बायकोला म्हटलेली आहे, एवढं मात्र प्री-वेडिंगवाल्या पोराने बरोबर ओळखलं होतं.

मुद्दाम पूर्ण कविता काढून वाचली, तर पहिल्या दोन ओळींच्या पुढे पाऊल टाकताच संसार नावाचा समुद्र लागतो. त्यात दुःखं किती याला हिशेब नाही, पलीकडचा काठ कुठे हे मलाही माहीत नाही, असं तो म्हणतो. आणि लगेच, निजलेलं मूल निजू दे तिथेच, पुढचं देवाच्या मनात असेल तसं. बस्स. मुलाचा उल्लेख एवढाच. मूल गेलं असं तो एकदाही म्हणत नाही. ते निजलंय. पुढची सगळी कविता बायकोच्या चेहऱ्यावर आहे, आणि मला वाटतं इथेच फसायला होतं. प्रेमकवितेत कवी जे जे न्याहाळतो ते सगळं इथे आहे, ओठ, हनुवटी, कपाळ, गाल, डोळे, हातात धरलेला हात. फक्त प्रत्येक गोष्टीतून काहीतरी निघून गेलेलं आहे. विडा न खाताही पोपटाने चोच मारलेल्या फळासारखे लाल असायचे ते ओठ, त्यांचा रंग कुठल्या वाऱ्याने उडवला? या चेहऱ्यावरून साक्षात मरणाने हात फिरवलाय का? म्हणजे बाळ तिथे निजलंय आणि मरण दिसतंय ते आईच्या गालावर. तो बाळाकडे बघतच नाही, बघवत नसणार. तिच्याकडे बघतो, तर तिथेही तेच.

मग डोळे. डोळ्यांसाठी बेंद्र्यांना कमळ आठवलं नाही, हरिणीही नाही. त्यांना आठवलं करवंद. दवाने धुतलं तरी अंगाचा चीक पांढरा चिकटून राहिलेलं, काळंभोर, चमचमणारं करवंद. आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात खानापूर-जांबोटीकडच्या बायका पाट्या भरून घेऊन येतात, पानाच्या द्रोणात मापून देतात, आणि फळ देठातून सुटलं की तो दुधासारखा थेंब येतो, बोटांना ओठांना चिकटतो, धुऊन जात नाही. तसे तुझे डोळे होते. मग हे कुणाचे? आणि यानंतर त्याने जे लिहिलंय ते सांगताना मला आजही अवघड होतं. तुझे डोळे बघून जीव दचकतो, जसं पुनवेच्या चंद्राचं प्रेत भर दिवसा आभाळात तरंगत आलंय. सकाळी उशिरापर्यंत मावळतीला राहिलेला तो फिका, पुसट चंद्र आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याला प्रेत म्हणायला बापाचेच डोळे हवेत.

पण कविता म्हणून मला सगळ्यात जास्त धरून ठेवते ती मधली एक जागा. लग्नात कन्यादानाच्या वेळी पाण्याची धार सोडतात, त्या धारेने भिजलेला हात तू धरलास, थंडगार आहे समजून. आता कळलंय तुला की हा राखेखालचा निखारा आहे. तरी सोडत नाहीस. आणि मग विचारतो, आभाळच खाली कोसळलं तर जमिनीने कुठे आधार शोधायचा? तू काय मला देव समजलीस? विचार करा, 1938 च्या आधीचा काळ, धारवाडमधलं वैदिकाचं घर. पतिदेव हा शब्द तेव्हा कुणी थट्टेने वापरत नसे. त्या घरातला कर्ता पुरुष बायकोला सांगतोय, तू ज्या आशेने माझ्याकडे बघतेस ते माझ्याकडे नाही. मी काही करू शकत नाही. म्हणून बघू नकोस. कवितेचा जीव हा आहे. तिच्या नजरेत राग असता, बोल असता तर त्याने सोसलं असतं. तिच्या नजरेत आशा आहे, ती त्याला सोसवत नाही.

शेवटी ती हसते. वेडं, अवेळी हसू. डोळ्यांत पाऊस पाय रोवून उभा आणि हिचं मध्येच हसणं. तो म्हणतो, रडायचं तर रड बाई, पूर येऊ दे, हसून दुःख लपवू नकोस, पापण्या मिटून सांडून टाक ते पाणी, ओठ चावून हुंदका दाबू नकोस.

आता हे सगळं जिथे आहे त्या गाण्याचं लग्नाचं गाणं व्हावं कसं? काकूंना राग आला होता, पण मला त्यात नवल वाटेना. गाणं माणसाच्या लक्षात राहतं ते धृपदाने. अंतरा सगळे जण लालाला करून पार करतात. त्यात हल्ली रीलला अर्धा मिनिट पुरतो, तेवढ्यात संसाराचा समुद्र यायच्या आधीच व्हिडिओ संपतो. चालही गोड लागलेली. गाणारे जाणकार असतात, ते पुढच्या कडव्यांत आवाज खाली आणतात, पण ऐकणारा तोवर धृपदाची वाट बघत असतो. शिवाय गीतातला 'तू' फार लबाड. एकदा 'तू' म्हटलं की ज्याने त्याने आपापला माणूस तिथे बसवावा. बेंद्र्यांनी कवितेत मुलाचं नाव घातलं नाही, बायकोचं घातलं नाही. घातलं असतं तर कुणाच्या लग्नात वाजलं नसतं, आणि कदाचित कुणाला पाठही झालं नसतं.

ही काही कानडीचीच मक्तेदारी नाही. 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' हे गाणं घ्या. चाळिशीतल्या साठीतल्या मराठी जोडप्यांचं हे हक्काचं गाणं, लग्नाच्या वाढदिवसाला हमखास. ते आलं बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकातून. नाव वाचूनच कळतं की इथे देव आहेत, भक्त आहेत, बागेतलं बाकडं नाही. पहाटे रेडिओवर लागायची ती 'उठी उठी गोपाला' भूपाळीही याच नाटकातली. म्हणजे एकाच नाटकातलं एक गाणं देवघरात गेलं आणि दुसरं बैठकीच्या खोलीत जोडप्याच्या फोटोखाली जाऊन बसलं. ऋणानुबंधाला चाल वसंत देसाईंची, आवाज वाणी जयराम यांचा, त्या वेल्लोरच्या तमिळ, आणि कुमार गंधर्वांचा. कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, जन्म 1924 चा, गाव सुळेभावी, आमच्या बेळगावाला लागूनच. घरची भाषा कानडी.

याच्या बरोबर उलटे बेंद्रे. त्यांच्या घरात मराठी. शिक्षण धारवाडला, नंतर पुण्याला फर्ग्युसनमध्ये. 1944 ते 1956 सोलापूरच्या दयानंद कॉलेजात ते कन्नड शिकवत होते. मराठीत त्यांनी लिहिलंही, 'संवाद' हे त्यांचं मराठी पुस्तक आहे. पण कविता कन्नडातच, आणि नाव घ्यायचे ते 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईचं नाव पुढे. सुळेभावीच्या कानडी मुलाने मराठी माणसाला ऋणानुबंध गाऊन दाखवावा आणि मराठी घरातल्या मास्तरने कानडी माणसाला रडायला शिकवावं, हे आमच्या भागात घडतं. पाट्यांवर कुठल्या भाषेत काय लिहायचं यावरून आमच्याकडे किती डोकी फुटली हे सांगायची ही जागा नव्हे. तो प्रश्न खोटा नाही, आणि तो गाण्याबिण्याने सुटणाराही नाही. पण पाटी रंगवणाऱ्याला जे बंधन असतं ते गुणगुणणाऱ्याला नसतं, एवढं इथे राहणाऱ्याला कळतं.

बेंद्र्यांचा बेळगावाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो फारसा गोड नाही. इंग्रजांच्या काळात 'नरबळी' या कवितेत सरकारला राजद्रोह दिसला, आणि त्यांना हिंडलग्याच्या तुरुंगात ठेवलं. सुटल्यावरही धारवाडजवळच्या मुगद गावात नजरकैदेत. मास्तरकी गेली, पुढची कित्येक वर्षं ओढाताणीची. म्हणजे घरात आधीच मुलं जगत नव्हती, त्यात मिळकतीची ही तऱ्हा. हे वाचल्यावर 'तू मला देव समजलीस काय' या ओळीला मला वेगळंच वजन आलं. ज्याला सरकार उचलून नेऊ शकतं, ज्याच्या हातात पगार नाही, त्याच्याकडे बायको निजलेल्या पोराच्या उशाशी बसून बघतेय.

आमच्या आजीच्या पिढीत मुलं मोजायची रीत निराळी होती. 'तुम्हाला मुलं किती' असं विचारलं तर सरळ आकडा येत नसे. झाली इतकी, राहिली इतकी, असा जमाखर्च यायचा. आणि तो सांगताना आवाज हलायचा नाही. निपाणीकडच्या माझ्या एका आजेसासूबाई तर गेलेल्यांनाही वयं द्यायच्या, 'असता तर आता तुझ्या सासऱ्याएवढा'. त्या पिढीतल्या पुरुषांनी काय वाटून घेतलं, ते कुणाला काही म्हणाले का, याचा मात्र पत्ता नाही. मुलाला पुरून आलेला बाप ओसरीवर बसायचा, चार लोक यायचे, तंबाखू मळली जायची. बायको आत. दोघांनी एकमेकांकडे बघितलं तरी कुठे असेल? घरात माणसंच इतकी. म्हणून बेंद्र्यांच्या कवितेतली ती दोघं मला जरा भाग्यवानही वाटतात. मूल मध्ये निजलंय, पण त्यांना एकमेकांकडे बघायला निदान जागा होती.

हे मी काकूंना म्हटलं तर त्या काही पटवून घेईनात. त्यांचं म्हणणं, ज्याचं त्याला द्यावं. मयताचं गाणं लग्नात, उद्या लग्नाचं मयतात. "त्यांचंच दुसरं हाय की, ते लावा." दुसरं म्हणजे 'नानु बडवी आत बडव, ओलवे नम्म बदुकु', मी गरीब, तो गरीब, प्रेम हेच आमचं जगणं. तेही बेंद्र्यांचं आणि तेही सुंदर. त्यात कुणी मरत नाही. काकूंची सूचना व्यवहाराची होती हे मान्य. पण खरं सांगते, ते गाणं मला थोडं गोड पडतं. गरिबीत प्रेम पुरतं असं गरिबीतून बाहेर पडल्यावर म्हणायला बरं वाटतं. 'नी हिंग नोडब्याड' मात्र प्रेम पुरत नाही असं तोंडावर सांगतं, आणि सांगताना हात सोडत नाही. प्रेमगीतं बहुतेक सगळी लग्नाच्या आधी संपतात. नदीचा घाट, चांदणं, वाट बघणं, रुसवा, फार तर अक्षता. हे गाणं त्यानंतर पुष्कळ वर्षांनी सुरू होतं, ज्या वेळी चूल, भाडं आणि औषधाची बाटली यांच्यात दोन माणसं अडकलेली असतात. त्या वयाचं प्रेमगीत आमच्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही. मग लोकांनी कळत-नकळत ते लग्नात लावलं तर फार काही चुकलं असं मला तरी वाटत नाही. काकू यावर 'तुझं आपलं काहीतरीच' म्हणाल्या आणि कुंद्याची वाटी पुढे सरकवली.

पुढे महिनाभराने त्यांनीच मला माहेरून आणलेला एक जुना संग्रह दिला. मुखपृष्ठ निघालेलं, पानांच्या कडा तपकिरी. शाळेत आम्हाला कन्नड विषय होता, शिवाय जन्मभर बसच्या पाट्या आणि वीजबिलं वाचून अक्षर ओळखीचं, त्यामुळे बोट फिरवत वाचता येतं. अडलं की काकूंना फोन. त्या फोनवर नुसता अर्थ सांगत नाहीत, आधी पूर्ण कडवं म्हणून दाखवतात. लक्षात आलं की त्यांना सगळीच कविता पाठ आहे, कुठल्याही पुस्तकाशिवाय.

बायकोवर बेंद्र्यांनी पुष्कळ लिहिलंय. 1937 साली आलेलं 'सखीगीत' तर पूर्ण त्या दोघांच्या संसारावर आहे. लक्ष्मीबाई त्यांचं नाव. एवढ्या कवितांमधून त्या दिसतात, त्यांचे डोळे, त्यांचे हात, त्यांचं ते वेडं हसू. पण दिसतात त्या नवऱ्याला दिसल्या तशा. त्या दिवशी त्यांनी मान वर करून बघितलं तेव्हा त्यांना समोर कोण दिसलं? कवी नक्कीच नसणार. घाबरलेला, नोकरी नसलेला, पोराकडे बघायचं टाळणारा एक माणूस दिसला असेल. नजर वळव म्हणून विनवणाऱ्या त्या माणसाला त्यांनी काय उत्तर दिलं असेल, रडल्या असतील का, की म्हणाल्या असतील, मग बघू तरी कुणाकडे? त्यांच्या बाजूने कुणी हे लिहिलं असेल तर मला वाचायचंय. कन्नडात असलं तरी चालेल. काकूंचा फोन आहेच.